वाचकांचे प्रश्न: स्पर्धेसाठी कंट्रोलर निवडताना

सुट्ट्या जवळ आल्या की कंट्रोलरविषयीची पत्रं वाढतात आणि बहुतेकांचं विचारणं एकच असतं: ‘प्रो’ लिहिलेलं घेऊ का? आमचं मत आधीच सांगून टाकतो. ज्या सोयीमुळे अंगठा स्टिकवरून उचलावा लागत नाही तिच्यासाठी पैसे मोजावेत आणि जो भाग झिजणारच आहे तो बदलता येतो का, हे बघावं. बाकी रंग, दिवे, बदलती झाकणं ही हौस आहे. सोलापुरातून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी पीसीवर वॉरझोन खेळतो आणि शनिवारी मित्रांबरोबर सात रस्त्याजवळच्या कॅफेत पीएस५वर. पाच-सहा हजारांत एखादा कस्टम कंट्रोलर घ्यावा, की थांबून ड्युअलसेन्स एज किंवा एक्सबॉक्स एलिटसाठी पैसे साठवावेत?
(विद्यार्थी, अशोक चौक)

उत्तर: आधी मशीन ठरवा, मग गेम, मग कंट्रोलर. तुमच्याकडे मशीन दोन आहेत आणि खरी अडचण तिथेच आहे. पीएस५चे गेम खेळायला सोनीचा किंवा सोनीचं लायसन्स असलेलाच कंट्रोलर लागतो. एक्सबॉक्सचा कंट्रोलर कितीही महाग असला तरी तिथे चालत नाही. खोक्यावर ‘पीसी, अँड्रॉइड, स्विच’ एवढंच छापलेलं असेल तर तो पीएस५वर चालणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. मधे लावायचे कन्व्हर्टर मिळतात. पण कन्सोलचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की ते कधी बंद पडतील याचा भरवसा नाही. एक्सबॉक्सनेही नोव्हेंबर २०२३पासून लायसन्स नसलेली उपकरणं अडवायला सुरुवात केली आहे. उलट ड्युअलसेन्स, म्हणजे पीएस५चा नेहमीचा कंट्रोलर, पीसीवर स्टीम या गेमच्या ॲपमार्फत व्यवस्थित चालतो.

पैसे काढण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. उडी मारता मारता नेम धरायचा क्षण घ्या. नेहमीच्या मांडणीत उजवा अंगठा स्टिकवरून उठतो, एक्सच्या बटणावर जातो आणि परत येतो. तेवढ्या वेळात नेम जिथे होता तिथेच राहतो आणि समोरचा सरकून गेलेला असतो. वॉरझोनच्या, म्हणजे कॉल ऑफ ड्यूटीच्या, कंट्रोलर सेटिंगमध्ये ‘बंपर जंपर टॅक्टिकल’ ही मांडणी निवडलीत की उडी एल१वर (तर्जनीच्या डाव्या बटणावर) येते आणि वाकणं व स्लाइड उजवी स्टिक दाबण्यावर येतं. अंगठा स्टिकवरच राहतो. मागची बटणं असलेला कंट्रोलर नेमकं हेच काम करतो, फक्त जास्त आरामात. या मांडणीत त्रास एकच: नेम धरलेला असताना स्टिक दाबली की नेम किंचित हलतो आणि स्टिकखालचा स्विचही लवकर झिजतो. दोन आठवडे असं खेळून बघा. फरक जाणवला नाही तर मागच्या बटणांसाठी खर्च करायची घाई नको.

फरक जाणवला, तर पुढचा प्रश्न स्पर्धा कशावर खेळणार हा. पीसीवर असेल तर पाच-सहा हजारांच्या आत हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणाऱ्या, न झिजणाऱ्या सेन्सरच्या) स्टिक आणि मागे दोन बटणं असलेला वायरचा कंट्रोलर घ्या. गेमसर जी७ एसई हा या जातीचा आहे. तो पीसी आणि एक्सबॉक्सवर चालतो, पीएस५वर नाही. त्याच्या मागच्या बटणांना खटका आहे, त्यामुळे नको तेव्हा ती लॉक करता येतात. सुरुवातीला बोटं चुकून मागे दाबली जातातच, तेव्हा हा खटका फार उपयोगी पडतो. ८बिटडूचा अल्टिमेट २सी स्वस्त आहे आणि त्याच्याही स्टिक हॉल इफेक्टच्या आहेत. मात्र त्याची जादा बटणं मागे नसून वर, एल१-आर१च्या शेजारी आहेत. ती तर्जनीने दाबायची असतात आणि तर्जनी आधीच ट्रिगरवर गुंतलेली असते. नेमबाजीच्या गेमसाठी आम्ही मागची बटणं पसंत करू.

सामने पीएस५वरच होणार असतील तर मात्र थांबा आणि एजसाठी साठवा. ड्युअलसेन्स एज जानेवारी २०२३मध्ये आला, भारतात १८,९९० रुपयांना. त्याची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे स्टिकचा अख्खा मॉड्यूल बाहेर काढून नवा बसवता येतो. समोरची काळी पट्टी काढायची, छोटा दांडा उचलायचा आणि मॉड्यूल ओढायचा. सोल्डरिंग लागत नाही. मागे दोन बटणं, ट्रिगरला तीन टप्प्यांचे खटके आणि स्टिकच्या टोप्या तीन प्रकारच्या. उणी बाजू बॅटरीची: साध्या ड्युअलसेन्समध्ये १,५६० एमएएचची असते, एजमध्ये १,०५०ची. म्हणून केबल लावून खेळायचं असंच धरून चाला.

एक्सबॉक्स एलिट सिरीज २ नोव्हेंबर २०१९चा आहे. मागे चार पॅडल (पट्टीसारखी बटणं), चावीने स्टिकचा ताण कमी-जास्त करायची सोय, कंट्रोलरच्याच मेमरीत तीन प्रोफाइल (बटणांच्या साठवलेल्या मांडण्या). हाताला हा फार छान बसतो. पण त्याच्या स्टिक जुन्या पद्धतीच्या, झिजणाऱ्या सेन्सरच्या आहेत आणि बोर्डावर सोल्डर केलेल्या आहेत. एवढे पैसे मोजून ड्रिफ्ट आला, म्हणजे हात न लावता स्टिक हलल्यासारखी वागू लागली, तर कारागीर शोधत फिरावं लागतं. तुमच्या उपयोगासाठी आम्ही तो सुचवणार नाही.

प्रोफाइल कंट्रोलरच्या मेमरीत साठतात की फक्त पीसीच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे घेण्याआधी नक्की विचारा. कॅफेच्या पीसीवर तुम्हाला सॉफ्टवेअर टाकू देणार नाहीत. मग मागची बटणं निरुपयोगी.

आता जुळवणी. पहिल्या आठवड्यात मागचं एकच बटण वापरा आणि त्यावर फक्त उडी ठेवा. ती विचार न करता जमायला लागली की दुसऱ्यावर स्लाइड. चारही पॅडल एकदम लावून बसलेला खेळाडू ऐन चकमकीत चुकीचं दाबतो. या काळात सेन्सिटिव्हिटीला हात लावू नका, नाहीतर बिघडलं कशाने तेच कळणार नाही. उजव्या स्टिकला उंच टोपी लावली की तेवढ्याच कोनासाठी अंगठ्याला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे बारीक नेम सोपा जातो. डावीला आखूडच बरी, कारण तिथे झटका हवा असतो. ट्रिगरचा खटका आखूड केलात तर सॉफ्टवेअरमध्येही ट्रिगरची कमाल मर्यादा खाली आणा. नाहीतर गेमला ट्रिगर अर्धाच दाबल्यासारखा दिसतो. गाड्यांच्या गेममध्ये खटका पूर्ण उघडा ठेवा, अर्धा ॲक्सिलरेटर तिथे लागतोच.

डेडझोन, म्हणजे स्टिकची जी सुरुवातीची हालचाल मोजायची नाही ती, एकाच जागी लावा. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच टक्के आणि गेममध्ये पुन्हा पाच टक्के असं केलं की दोन्ही एकमेकांवर चढतात आणि स्टिक हलवल्यावर सुरुवातीला काहीच घडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये शून्य ठेवा आणि गेममध्ये दोन टक्क्यांपासून चढवत जा. हात न लावता नेम सरकायचा थांबला की तिथेच थांबा.

प्रश्न: बीजीएमआयसाठी फोनला लावायचा कंट्रोलर सुचवा. बजेट दोन हजार.
(बारावीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर: घेऊ नकोस. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) बोटांनी स्क्रीनवर खेळायचा गेम आहे, त्याला कंट्रोलरचा अधिकृत आधार नाही. बटण दाबल्याचं स्क्रीनवरच्या स्पर्शात रूपांतर करणारी मॅपिंग ॲप मिळतात. पण ती वापरली की अकाउंट बॅन होण्याचा धोका असतो आणि स्पर्धेतून तर सरळ बाहेर काढतात. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये मात्र ड्युअलशॉक ४, ड्युअलसेन्स आणि एक्सबॉक्सचे ब्लूटूथ कंट्रोलर चालतात. तिथेही कंट्रोलरवाल्यांची गाठ शक्यतो कंट्रोलरवाल्यांशीच घालतात, हे लक्षात ठेव. बीजीएमआयच खेळायचा असेल तर पैसे बोटांच्या स्लीव्हवर आणि फोन थंड ठेवणाऱ्या पंख्यावर घाल. आपल्याकडच्या घामाच्या दिवसांत त्याचा उपयोग जास्त.

प्रश्न: आमच्या घराला लागूनच टॉवेलचे माग आहेत. मुलाच्या कंट्रोलरची स्टिक सोडली तरी खेळाडू आपोआप डावीकडे चालत राहतो. याआधीचाही असाच गेला. हॉल इफेक्ट घेतला तर हे सुटेल का? मागाचं तेल एक थेंब सोडावं का?
(यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड)

उत्तर: तेल अजिबात सोडू नका. मागाचं असो, शिलाई मशीनचं असो किंवा गंज सोडवायचा स्प्रे असो. तेलावर कापसाचं तूस चिकटून त्याची घट्ट लापशी होते आणि काही तेलांनी आतलं प्लास्टिकही बिघडतं.

साध्या कंट्रोलरच्या स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा आणि एक उभ्या. प्रत्येकात कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक पट्टी घासत फिरते. ती कुठे टेकली आहे त्यावरून कंट्रोलरला स्टिकची जागा कळते. घासून घासून कार्बन झिजतो, त्याची पूड मधे साचते आणि त्यात तुमच्याकडचं तूस भर घालतं. मग स्टिक मध्यावर असूनही सेन्सर ‘थोडी डावीकडे’ असं सांगत राहतो. हाच ड्रिफ्ट.

हॉल इफेक्टमध्ये स्टिकच्या मुळाशी चुंबक असतो आणि समोर त्याचं क्षेत्र मोजणारा सेन्सर. दोघांचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे झिजायला काही नाही. एडविन हॉल यांनी १८७९मध्ये शोधलेल्या परिणामावर हे चालतं. टीएमआर ही त्याहून नवी चुंबकीय पद्धत आहे. ती वीज कमी खाते आणि बारीक हालचाल जास्त नेमकी टिपते. तुमच्या घरासाठी या दोन्हींपैकी कोणतीही चालेल. पण चुंबकाने सगळंच सुटत नाही. स्टिक मध्यावर आणणारी स्प्रिंग तीच, दाबायचा स्विच तोच आणि टोपीभोवतीच्या खाचेत तूस अडकलं तर हॉल इफेक्टची स्टिकही पूर्ण मध्यावर परतत नाही. नवा घेतलात तरी साफसफाई सुटणार नाही.

आधी बिघाड किती आहे ते मोजा. कंट्रोलर पीसीला लावा आणि विंडोजच्या सर्चमध्ये ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ शोधून त्यातलं ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ब्राउझरमध्ये चालणारी गेमपॅड चाचणी आकडे दाखवते, ती आणखी बरी. स्टिक एका टोकाला नेऊन एकदम सोडा. चारही दिशांनी दहा-दहा वेळा. आकडा शून्याच्या आसपास ०.०५च्या आत थांबत असेल तर ते चालायचंच, थोडा डेडझोन पुरे. ०.१०च्या वर राहत असेल किंवा हात न लावता नाचत असेल तर आतून सफाई हवी.

सफाई अशी करा. कंट्रोलर बंद करा, केबल काढा. स्टिक एका बाजूला झुकवून धरा आणि उघडलेल्या फटीतून मऊ कोरड्या ब्रशने तूस बाहेर ओढा. हातपंपाच्या ब्लोअरने हवा मारा. मागाच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ड्रॉपरने स्टिकच्या मुळाशी दोन थेंब सोडा आणि स्टिक तीस-चाळीस वेळा गोल फिरवा. अर्धा तास तसाच ठेवा, वाळल्याशिवाय सुरू करू नका. कापसाचे बोळे वापरू नका, तेच तंतू मागे सोडतात. वापरात नसताना कंट्रोलर चेन असलेल्या पिशवीत ठेवा. टॉवेलखाली झाकून ठेवला तर तूस आणखी जमतं.

एवढं करून आठ-पंधरा दिवसांत ड्रिफ्ट परत आला तर कार्बनचा पट्टा झिजला आहे आणि स्टिक बदलावी लागेल. नवी पेठेतला मोबाइल दुरुस्तीचा कारागीर हे काम करू शकतो, पण त्याला दोन गोष्टी आधी सांगा. एका स्टिकला १४ सोल्डर जोड असतात आणि जमिनीचे (ग्राउंडचे) जोड उष्णता ओढून घेतात. सवयीने हॉट एअर मारली तर शेजारचं प्लास्टिक वितळतं आणि सोल्डर नीट न सुटताच स्टिक उपटली तर बोर्डाचे ट्रॅक निघून येतात. फ्लक्स लावून, ताजं सोल्डर मिसळून, सक्शन पंपाने एकेक जोड मोकळा करायला सांगा. दुसरी गोष्ट, हॉल इफेक्टची सुटी स्टिक बसवल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं. ड्युअलसेन्ससाठी ते क्रोम ब्राउझरमधून करता येतं. दुकानातून निघण्याआधी वरची चाचणी तिथेच करून घ्या.

प्रश्न: १,००० हर्ट्झचा कंट्रोलर घेतला तर खरंच फायदा होतो का? मी ४३ इंची टीव्हीवर पीएस५ खेळते.
(एफसी या फुटबॉल गेमची खेळाडू, होटगी रोड)

उत्तर: गणित करून बघू. १२५ हर्ट्झ म्हणजे कंट्रोलर दर ८ मिलिसेकंदांनी कन्सोलला माहिती देतो, २५० म्हणजे ४ आणि १,००० म्हणजे १. बटण नेमकं कधी दाबलं जाईल हे ठरलेलं नसल्याने सरासरी थांबणं याच्या निम्मं धरा. म्हणजे १२५वरून १,०००वर जाऊन सरासरी साडेतीन मिलिसेकंद वाचतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. फायदा खरा आहे, पण छोटा आहे.

टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्ही याच्या कितीतरी पट जास्त उशीर लावतो. म्हणून आधी गेम मोड सुरू करा. ज्या एचडीएमआय पोर्टला पीएस५ जोडला आहे त्याच पोर्टसाठी तो सुरू झाला का, ते तपासा. बऱ्याच टीव्हींवर तो पोर्टनिहाय असतो. मग पीएस५च्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसरीज’, त्यात ‘कंट्रोलर्स’, त्यात ‘कम्युनिकेशन मेथड’मध्ये जाऊन ‘यूएसबी केबल’ निवडा. हे न करता नुसती केबल लावली तर चार्जिंग होतं, खेळ मात्र ब्लूटूथवरच चालू राहू शकतो. केबल डेटाची हवी. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

एफसीसाठी मागच्या बटणांचा उपयोग नेमबाजीइतका नाही. पैसे घालायचेच तर चांगल्या स्टिकमध्ये घाला. लायसन्सवाल्यांत नॅकॉन रिव्होल्यूशन ५ प्रोच्या स्टिक हॉल इफेक्टच्या आहेत, पण पीएस५च्या गेममध्ये त्याला व्हायब्रेशन मिळत नाही. ते चालणार असेल तरच विचार करा.

प्रश्न: टेकन ८ पीसीवर खेळतो. लिव्हरलेस (दांड्याऐवजी दिशांनाही बटणंच असलेला) कंट्रोलर घ्यायचा आहे, तयार मिळतो तो महाग पडतो. सोलापुरात करून घेता येईल का?
(डिप्लोमा विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर: नक्की करता येईल. फायटिंग गेमसाठी स्वतःच्या हाताच्या मापाने केलेला कंट्रोलर विकतच्या कुठल्याही ‘प्रो’पेक्षा चांगला बसतो. या खेळाकडे गंमत म्हणून बघणाऱ्या घरच्यांना हेही सांगा, की २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ला पदकं होती आणि भारताचे खेळाडूही त्यात उतरले होते.

मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा सर्किट बोर्ड घ्या. त्यावर जीपी२०४०-सीई हे मोफत, खुलं फर्मवेअर (बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं. बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून धरा आणि केबल पीसीला लावा. पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसेल. त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल ओढून टाकली की बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो आणि पीसीला कंट्रोलर दिसतो. प्रोग्रामिंग काही नाही.

बटणं २४ मिलिमीटरची अकरा आणि उडीसाठी ३० मिलिमीटरचं एक. स्टार्ट-ऑप्शन वगैरेसाठी तीन-चार छोटी वेगळी. सान्वा कंपनीची बटणं टिकतात, हात हलका लागतो. वरच्या पत्र्यासाठी ३ मिलिमीटर ॲक्रिलिक. नावाच्या पाट्या करणारे लेझरने कापून देतात. ड्रॉइंग नेताना छिद्रं बरोबर २४ आणि ३०चीच काढा. खटक्याने बसणारी बटणं याच जाडीला धरतात. जाड एमडीएफ वापरायचा असेल तर आट्यांची बटणं घ्यावी लागतील. आधी हे ड्रॉइंग कागदावर खऱ्या मापात छापा, टेबलावर ठेवा आणि त्यावर हात ठेवून बघा. डावी करंगळी ताणली जात असेल तर डावीकडचं बटण अर्धा सेंटिमीटर खाली घ्या. डाव्या, खालच्या आणि उजव्या दिशेला तीन बोटं, उडीला अंगठा. पेटीत आतून ४० मिलिमीटर उंची ठेवा.

प्रत्येक बटणाला दोन पाय असतात. एक पिकोच्या आपापल्या पिनला, दुसरा जमिनीच्या (ग्राउंडच्या) सामाईक तारेला. रेझिस्टर लागत नाहीत. फर्मवेअरच्या नेहमीच्या मांडणीत वर, खाली, उजवी, डावी या दिशा जीपी २, ३, ४, ५ या पिनवर असतात. बटणांच्या पायांना २.८ मिलिमीटरचे क्लिप टर्मिनल बसतात, सोल्डर करू नका, म्हणजे बटण बदलणं सोपं राहतं. जमिनीची तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी फिरते. एकदम चार-पाच बटणं मेली तर पिको गेला असं समजू नका. माळ मधेच कुठेतरी निसटलेली असते. आणखी एक कच्ची जागा म्हणजे पिकोचा मायक्रो यूएसबी पोर्ट. केबलला हिसका बसला की तो बोर्डावरून उखडतो. केबल आतल्या बाजूने टायने पेटीला बांधून टाका, ओढ पेटीवर आली पाहिजे.

आता नियमाचा भाग. लिव्हरवर डावी-उजवी एकदम दाबली जाऊच शकत नाही, लिव्हरलेसवर जाते. अशा विरुद्ध दिशा एकदम दाबल्या जाण्याला एसओसीडी म्हणतात आणि तेव्हा काय व्हावं हे ठरवून द्यावं लागतं. स्टार्टचं बटण दाबून धरून केबल लावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ उघडा आणि तिथे ‘न्यूट्रल’ निवडा, म्हणजे दोन्ही एकमेकांना रद्द करतील. ‘लास्ट विन’ (शेवटी दाबलेली दिशा धरायची) सरावाला मोहक वाटतं, पण बऱ्याच स्पर्धांत ते चालत नाही. सवय न्यूट्रलचीच लावा. हे सगळं पीसीसाठी. पीएस५ला कंट्रोलरची ओळख पटवून द्यावी लागते, ती नुसत्या पिकोने होत नाही. त्यासाठी लायसन्स असलेलं दुसरं उपकरण जोडावं लागतं.

प्रश्न: कॉलेजच्या फेस्टमध्ये आम्ही स्पर्धा ठेवतोय. स्वतःचे कंट्रोलर आणू द्यावेत का? टर्बो बटणांचं काय करायचं?
(विद्यार्थी आयोजक)

उत्तर: आणू द्या, पण नियम आठवडाभर आधी लिहून लावा. एका दाबात एकच क्रिया, हा मुख्य नियम. मागच्या बटणावर उडी ठेवणं म्हणजे जागा बदलणं, ते मान्य. एका दाबात चार क्रियांची साखळी म्हणजे मॅक्रो आणि दाबून धरल्यावर आपोआप दणादण दाबलं जाणं म्हणजे टर्बो, दोन्ही बंद. क्रोनस झेन, झिमसारखी मधे लावायची यंत्रं दारातच थांबवा. टेबलावर कंट्रोलर आणि कन्सोलमधली केबल सरळ दिसली पाहिजे, मधे खोकं नको.

वायरलेस शक्यतो नको. एकाच हॉलमध्ये वीस-पंचवीस कंट्रोलर आणि शंभर फोन असले की सिग्नल अडखळतो. त्याहून मोठा घोळ जोडणीचा होतो: हरून गेलेल्या खेळाडूने बॅगेत टाकलेला कंट्रोलर चुकून चालू होतो, कन्सोलला जोडला जातो आणि दुसऱ्यांचा सामना थांबतो. प्रत्येक सामन्यानंतर कंट्रोलर कन्सोलवरून काढून टाकणं ही खेळाडूची जबाबदारी ठेवा आणि त्यासाठी एक स्वयंसेवक नेमा. तीन मीटरच्या डेटा केबल, दोन जादा साधे कंट्रोलर आणि बटणं तपासायला प्रत्येकी दोन मिनिटं एवढी तयारी ठेवा.

प्रश्न: माझ्या भाच्याचा डावा हात काम करत नाही. त्याला मित्रांबरोबर बरोबरीने खेळायचं आहे. काही मिळतं का?
(मावशी, बाळे)

उत्तर: मिळतं, आणि कस्टम कंट्रोलरचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८चा आहे. तो मांडीवर किंवा टेबलावर सपाट ठेवायचा. त्याच्या मागे ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक आहेत. प्रत्येकाला बाहेरचं एकेक बटण, पेडल किंवा स्विच जोडता येतं. डाव्या हाताची कामं पायाकडे, कोपराकडे किंवा गुडघ्याकडे देता येतात. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३मध्ये पीएस५साठी आला. त्याची बटणांची झाकणं आणि स्टिकचं अंतर बदलता येतं. दोन ॲक्सेस आणि एक ड्युअलसेन्स मिळून एकच खेळाडू म्हणून चालतात.

एवढा खर्च करण्याआधी एक गोष्ट करून बघा. एक्सबॉक्सवर दोन कंट्रोलर मिळून एक खेळाडू, अशी सोय सेटिंगमध्येच आहे. एक कंट्रोलर भाच्याच्या उजव्या हातात द्या, दुसरा तुम्ही धरा. कोणती कामं त्याला एकट्याला जमतात आणि कोणती अडतात हे दोन-तीन संध्याकाळींत कळेल. तेवढ्याच कामांसाठी बाहेरची बटणं घ्या. पायाचं पेडल निवडताना ते घसरणार नाही असं बघा, खाली रबराची चटई लागते. ताकद कमी असेल तर हलक्या दाबाचे स्विच मागा. आणि मांडणी ठरवताना त्यालाच विचारा, त्याच्या हातापायाचं त्याला जास्त कळतं.

प्रश्न: उन्हाळ्यात वायरलेस कंट्रोलरची बॅटरी लवकर उतरते का?
(वाचक, भवानी पेठ)

उत्तर: उन्हाळ्यात बॅटरी लवकर उतरते त्यापेक्षा तिचं आयुष्य लवकर कमी होतं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, टीव्हीच्या मागे चालू कन्सोलला टेकवून ठेवलेला कंट्रोलर तेवढा सहज तापतो. रात्री किंवा सकाळी चार्ज करा, खिडकीतल्या उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. महिनाभर वापरायचा नसेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा न ठेवता निम्मा भरून ठेवा. मागचं झाकण फुगल्यासारखं वाटलं किंवा दोन भागांच्या सांध्यात फट पडली तर चार्जिंग लगेच थांबवा. ती बॅटरी फुगली आहे, टोचायची किंवा दाबून बसवायची नाही. बदलून घ्यायची आणि जुनी ई-कचऱ्यात द्यायची.